अठ्ठावन्न रेघा

आकडेमावशींना राग यायला फार मोठं कारण लागत नसे. तक्त्यातली बेरीज चुकलेली असली की पुरे. तळटीप गायब असली तर विचारूच नका. त्या दिवशी ग्रंथालयाच्या तळघरात उतरणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर उतरावं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. ग्रंथपालांपासून ते फाटकापाशी सायकली सांभाळणाऱ्या माणसापर्यंत सगळे त्यांना आकडेमावशीच म्हणत, आणि ते त्यांना आवडत नसे असंही नाही.

सरकारी प्रकाशनांचा विभाग तळघरात होता, अकरा पायऱ्या उतरून. तीन खोल्या, छताला टेकलेल्या खिडक्या, आणि त्या खिडक्यांतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. लोखंडी मांडण्यांवर जनगणनेचे खंड, खात्यांचे वार्षिक अहवाल, पिकांचे, पावसाचे, जन्ममृत्यूंचे तक्ते. एका कोपऱ्यात चौकशी समित्यांचे जाडजूड अहवाल होते. त्यांतल्या निम्म्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे ज्यांनी आरडाओरडा करून चौकशी मागितली त्यांनीही ते उघडले नव्हते. मावशींनी मात्र उघडले होते. तीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

त्यांची वाचायची रीत वेगळी होती. नवा खंड आला की बाकीचे लोक आधी पहिल्या पानावरचा मंत्र्यांचा फोटो बघत. मावशी खंड शेवटून उघडत. शुद्धिपत्र आहे का, कुठल्या खुणेचा काय अर्थ दिलाय, कुठला तालुका गुपचूप वगळलाय, हे सगळं आधी. मग पेन्सिल घेऊन उभ्या-आडव्या बेरजा. बेरीज जमली नाही की समासात एक बारीकसं प्रश्नचिन्ह. "सरकार खरं बोलतं," त्या म्हणत, "फक्त मोठ्या अक्षरात नाही. खाली बारीक अक्षरात बोलतं, कुणी वाचणार नाही अशा बेताने."

संशोधन करणारी मुलं-मुली घाईघाईने येत. एकाने येऊन सांगितलं, "मावशी, बेकारीचा आकडा हवाय."

"कुणी मोजलेला?"

"सरकारी हवाय."

"सरकारी म्हणजे कुणाचा? मजूर खात्याचा एक आहे, जनगणनेचा एक आहे, नमुना पाहणीचा तिसराच. तिघांची तोंडं तीन दिशांना. आणि मोजताना कुणाला सोडलं ते बघितलंस? घरात बसून शिवणकाम करणारी बाई यात बेकार धरलीय की कामावर?"

मुलगा खाली बसला. चार तासांनी उठला तेव्हा त्याच्या प्रबंधाचा विषयच बदललेला होता. असे बरेच जण त्या पायऱ्या चढून वर गेले.

मावशींचं लग्नही एका चुकलेल्या बेरजेतूनच जमलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक खंड काखोटीला मारून त्या थेट सरकारी छापखान्यात गेल्या आणि नवव्या रकान्याची बेरीज जुळत नाही म्हणून भांडल्या. शाईने काळी बोटं झालेला, खिळे जुळवणारा एक कंपोझिटर शांतपणे म्हणाला, "बाई, आम्ही आलेलं जुळवतो. मोजत नाही."

"मग मोजायला शिका," मावशी म्हणाल्या.

तीन दिवसांनी तो ग्रंथालयात आला आणि म्हणाला, की मोजलं, तुमचंच बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात दुसरा खंड घेऊन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात खंड नव्हता. पुढे तो छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला आणि आता निवृत्त होऊन घरी वर्तमानपत्रातल्या चुका तपासत बसे. त्यांना मूलबाळ झालं नाही. दोघांनाही चुकीचा राग येई, फक्त त्याचा राग थंड होता आणि मावशींचा गरम.

तर अशा या मावशींच्या तळघरात एका सकाळी एक बाई उतरली. पन्नाशीची, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. ती नदीपलीकडच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रातली परिचारिका होती. तिकडे सगळे तिला सिस्टर म्हणत. तिने पिशवीतून एक पत्र काढलं आणि चार जाड वह्या काढल्या.

"मावशी, मला एक सरकारी आकडा हवाय. माझाच."

मावशींनी चष्मा नाकावर चढवून पत्र वाचलं. आरोग्य खात्याचं होतं. 'सदर केंद्रात गेल्या दहा वर्षांत एकही प्रसूती झाल्याचे प्रकाशित आकडेवारीत आढळून येत नाही. सबब सदर प्रसूतिकक्ष वापराअभावी महिनाअखेर बंद करण्यात येत आहे.'

"आणि या वह्या?"

"चारशे सव्वीस बाळंतपणं. याच हातांनी केलीत. दोन जुळी धरून." सिस्टरने हात पुढे केले, जणू तेही पुराव्यात जमा करायचे होते. "दर महिन्याला तक्ता भरून पाठवत आले. वह्या दाखवल्या तर साहेब म्हणतात, ही तुमची खाजगी नोंद. प्रकाशित आकडा दाखवा. आता तो मी कुठून आणू?"

"खोली किती मोठी आहे?"

"दोन खाटा. पण नळ आहे, दिवा आहे. नदी फुगली की होडी बंद होते, मावशी. ही खोली व्हायच्या आधी माझी थोरली बहीण काठावरच गेली. पलीकडे होडीवाला उभा दिसत होता. त्याला यायचं होतं, पण पाणी येऊ देईना." तिने हे सांगताना आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. "मला तो आकडा हवाय."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारशे सव्वीस जितीजागती माणसं, आणि कागदावर शून्य! त्यांनी सिस्टरला बसायला लाकडी खुर्ची दिली, किटलीतला चहा दिला आणि संगणक उघडला.

सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तक्ते होते. मावशींना ते संकेतस्थळ डोळ्यांसमोर नको असे, कारण तिथं आकडे होते पण तळटीपा नव्हत्या. नदीपलीकडची वस्ती सापडली. दर वर्षापुढे एक गोल, गोंडस शून्य. अकरा वर्षं मागे जाऊन पाहिलं तरी शून्यच. त्याच्या आधी मात्र एकोणचाळीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस.

"म्हणजे एका वर्षी तुमच्याकडच्या बायकांनी एकदम मूल जन्माला घालणं बंद केलं," मावशी म्हणाल्या. "आणि इथं कुणाला त्याचं नवल वाटलं नाही."

मग त्यांनी दुसऱ्या खात्याचा दरवाजा ठोठावला; ही त्यांची जुनी युक्ती. एका खात्याने झाकलेलं दुसरं खातं नकळत सांगून जातं. शिक्षण खात्याचे अहवाल काढले, शाळावार पटसंख्येचा तक्ता उघडला. नदीपलीकडच्या शाळेत पहिलीत गेल्या वर्षी अडतीस मुलं, त्याआधी एक्केचाळीस, त्याआधी चाळीस. लसीकरणाच्या तक्त्यातही तसंच. "बाळंतपणं शून्य, आणि पहिलीत एक्केचाळीस," मावशी पेन्सिल आपटत म्हणाल्या. "पोरं काय आभाळातून पडली?"

शेवटी त्या मांडणीच्या मागच्या बाजूला गेल्या आणि अकरा वर्षांपूर्वीचा छापील खंड काढून आणला. जन्ममृत्यूंचा तो शेवटचा छापील खंड. पुढे सगळं संगणकावर गेलं. त्या वर्षी जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या होत्या. नदीपलीकडची वस्ती एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली, जुन्या कार्यालयाने आकडा पाठवला नाही आणि नव्याने मागितला नाही. छापील तक्त्यात वस्तीच्या नावापुढे शून्य नव्हतं. तिथं एक आडवी रेघ होती. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: रेघ म्हणजे माहिती प्राप्त झाली नाही.

"हे बघ," मावशी म्हणाल्या. "सरकार म्हणतंय, आम्हाला माहीत नाही. आणि संगणकात गेल्यावर म्हणतंय, काही झालंच नाही. कुणा दीडशहाण्याने रेघेचं शून्य केलंय. त्याला आधी शोधला पाहिजे."

त्यांनी खंड उभा-आडवा तपासला. एकूण अठ्ठावन्न गावांपुढे रेघ होती. संकेतस्थळावर त्या अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न ठिकाणी शून्य होतं. ज्या केंद्रापुढे शून्य, त्याचं पान पुढच्या वर्षी संगणक आपण होऊन शून्यानेच भरत होता आणि सिस्टरने पाठवलेले महिन्याचे कागद कुठल्यातरी फडताळात जात होते. मागील पानावरून पुढे चालू.

दुसऱ्या दिवशी दोघी सांख्यिकी कार्यालयात गेल्या. तिथले उपसंचालक चाळिशीतले, सभ्य, टेबलावर एकही कागद नसलेले गृहस्थ होते. त्यांनी पहिलीच्या मुलांचा तक्ता आदराने बाजूला ठेवला. "हा दुसऱ्या खात्याचा आकडा. आम्हाला लागू नाही."

"मुलंही दुसऱ्या खात्याची आहेत का?" मावशींनी विचारलं.

साहेब हसले नाहीत. छापील खंडातली तळटीप मात्र त्यांनी दोनदा वाचली. "हे बरोबर दिसतंय. चूक आमच्याकडची आहे."

"मग करा दुरुस्त."

"अशी करता येत नाही, मावशी. प्रकाशित आकड्यात दुरुस्ती फक्त ज्या कर्मचाऱ्याने तो तपासून सही केली, त्याच्याच अर्जावरून होते. नाहीतर उद्या कुणीही येईल आणि कुठलाही आकडा बदलून मागेल." यात काही चूक नव्हती, म्हणून मावशींना जास्तच राग आला.

"मग काढा त्याचं नाव. घरी जाऊन कान धरून आणते त्याला."

साहेबांनी घंटी वाजवली. कारकून तपासणीची नोंदवही घेऊन आला. साहेबांनी पान शोधलं, बोट फिरवत खाली आणलं आणि वही वळवून मावशींपुढे ठेवली. तिथं दर ओळीशेवटी एकच छोटी सही होती. मावशी ती सही रोज हजेरीपटावर करत. पहिलं अक्षर मोठं, मग एक वळण आणि खाली टिंब.

सिस्टरला आधी कळलंच नाही. तिने मावशींच्या तोंडाकडे पाहिलं, मग वहीकडे, मग परत तोंडाकडे.

त्या वर्षी तक्ते संगणकात चढवायचे होते म्हणून ग्रंथालयाने मावशींना सहा महिन्यांसाठी या कार्यालयात उसनं दिलं होतं. एका लांबट खोलीत बारा मुली टंकायला बसत आणि मावशी टंकलेलं तपासून सह्या करत. दिवसाला साठ तक्ते संपले पाहिजेत असा हुकूम होता. एका दुपारी एक मुलगी म्हणाली, "मावशी, रेघ घेतच नाही हा. टूं करतो आणि थांबतो." मावशी वरिष्ठांच्या खोलीत गेल्या. वरिष्ठ टेलिफोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, काय आहे, आणि ऐकून घेऊन म्हणाले, "शून्य टाका आणि पुढे चला." मावशी परत आल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या, "शून्य टाक." तळटीप नंतर कुणीतरी चढवेल असं त्या धरून चालल्या होत्या, आणि पुढे ती दुपार पार विसरून गेल्या होत्या. बस चुकायची होती, की डोकं दुखत होतं, की साठ तक्ते पुरे करायचे होते, ते आता त्यांना आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की रेघ त्यांना स्वच्छ दिसली होती.

त्या रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"त्या खंडाची मुद्रितं मीच तपासली होती," तो म्हणाला. "रेघा पुसट उठत होत्या म्हणून तीन पानं परत छापायला लावली. फोरमनशी भांडलो. म्हटलं, रेघ दिसली नाही तर जागा रिकामी वाटेल आणि कुणीतरी शून्य समजेल."

"बोला ना मग. शिव्या द्या," मावशी म्हणाल्या.

"अगं, काय बोलू? तू आयुष्यभर लोकांना बोललीस, आता माझी पाळी म्हणून बोलू?"

याहून त्याने शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या. मावशी उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. तीस वर्षं त्या ज्या माणसाला शोधत होत्या, ज्याच्या नावाने त्यांनी विद्यार्थ्यांसमोर बोटं मोडली होती, तो आळशी, बेपर्वा, न विचारता मान डोलावणारा कारकून त्यांच्याच चष्म्यातून बघत होता. स्वतःचा एवढा संताप त्यांना पूर्वी कधी आला नव्हता. पण मनातल्या मनात जळून वस्तीतल्या खाटा राहणार नव्हत्या, हेही त्यांना कळत होतं.

सकाळी त्यांनी अर्ज लिहिला. खराखुरा. अमुक दिवशी तोंडी आदेशावरून अठ्ठावन्न ठिकाणच्या रेघांच्या जागी शून्य टाकायला मी सांगितलं, मला फरक माहीत होता, मी लेखी विचारणा केली नाही. खाली पूर्ण नावाने सही. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं आणि सेवापुस्तिकेत आजवर एकही लाल शेरा नव्हता. नवऱ्याने अर्ज वाचला, एका ठिकाणी तारीख दुरुस्त केली आणि परत दिला.

साहेबांनी तो वाचला आणि दार लोटून घेतलं.

"मावशी, हा मला घेता येणार नाही. तोंडी आदेश म्हटलंत की कुणाचा, हा प्रश्न येतो. ते वरिष्ठ आज फार वर आहेत. अठ्ठावन्न म्हटलंत की समिती बसते. समिती दोन वर्षं बसते. तोवर ही खोली बंद झालेली असेल." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "एकाच वस्तीपुरतं लिहा. 'नजरचुकीने शून्य नोंदले गेले.' एवढ्यावर मी पंधरा दिवसांत दुरुस्ती करून देतो. तुमच्या पुस्तिकेत एक किरकोळ शेरा येईल, बस."

"पण नजर चुकली नव्हती," मावशी म्हणाल्या. "मी बघितलं होतं. हे तुमचं 'नजरचुकीने' मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या तळघरात कपाटं भरलीत त्याने. पूल पडतो नजरचुकीने, गाव बुडतं नजरचुकीने, आणि कुणाचीच नजर कधी सापडत नाही. मी खोटं लिहून देणार नाही."

साहेबांनी पेनचं टोपण काढून पेन कोऱ्या कागदावर ठेवलं. ते वाईट नव्हते; त्यांना खरंच मदत करायची होती, आणि चीड आणणारी गोष्ट हीच होती. एवढा वेळ खुर्चीच्या कडेवर बसून राहिलेली सिस्टर तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"लिहा, मावशी."

"अगं, एक खोटं पुसायला दुसरं खोटं लिहू?"

"वस्तीत सात जणी दिवस भरत आलेल्या आहेत. एकीची तर पहिलीच खेप आहे. तुमचं खरं-खोटं नंतर बघा. मी हात जोडते, पण लिहा."

मावशींनी लिहिलं. 'नजरचुकीने' हा शब्द त्यांनी इतका दाबून लिहिला की कागदाच्या मागून उठला. कारकुनाने शिक्का मारून पोच दिली, ती सिस्टरने पदरात बांधल्यासारखी घट्ट धरली. पंधराव्या दिवशी ते शून्य आणि त्यावरून भरलेली पुढची सगळी शून्यं दुरुस्त झाली, एकविसाव्या दिवशी प्रसूतिकक्ष पुढे चालू ठेवण्याचं पत्र निघालं. सिस्टरने तिकडून निरोप पाठवला, की पहिल्या खेपेची मुलगी सुटली, दोघी ठीक आहेत, आणि यावेळी तक्ता पाठवून पोच मागून घेतली.

दुसरी कुणी असती तर इथं सुटकेचा श्वास टाकून गप्प बसली असती. मावशींना झोप लागेना. सत्तावन्न शून्यं उरली होती आणि प्रत्येकाच्या शेवटी त्यांची सही होती. त्यांनी एक वही केली, सत्तावन्न गावं लिहून काढली आणि प्रत्येक ठिकाणच्या केंद्राला पत्र टाकलं: तुमच्याकडे अकरा वर्षांपूर्वी किती बाळंतपणं झाली, नोंद असल्यास कळवावी. नवरा पाकिटांवर पत्ते लिहायचा. त्याचं अक्षर छापील खिळ्यासारखं होतं.

उत्तरं येऊ लागली. कुठून वहीची पानं आली, कुठून जन्मदाखल्यांची यादी. मावशी दर सोमवारी दोन अर्ज घेऊन सांख्यिकी कार्यालयात जात. नियम होता तो त्यांनी अक्षरशः पाळला: एका गावाला एक अर्ज, तपासणाऱ्याची सही, कारण नजरचुकीने. दर अर्जागणिक पुस्तिकेत एक शेरा पडे. आस्थापनेच्या कारकुनाने पुस्तिकेला मागून जादा पानं शिवली. ग्रंथपालांनी त्यांना बोलावून सांगितलं की निवृत्तीच्या तोंडावर हा काय पोरखेळ, आणि मावशी म्हणाल्या, "साहेब, चूक केली तेव्हा कुणी बोलावलं नव्हतं."

एकोणीस ठिकाणांहून केंद्राचं उत्तर आलं नाही. अठरा पाकिटं परत आली, वर शेरा: केंद्र बंद. मावशींनी खात्याचे आदेश चाळले. त्या एकोणीसही केंद्रांना गेल्या सहा वर्षांत टाळं लागलं होतं, वापराअभावी, प्रकाशित आकडेवारीच्या आधारे. एकोणिसाव्या गावाहून मात्र पाकीट परत यायच्या ऐवजी पत्र आलं. पोस्टमनने ते शाळेतल्या मास्तरांना नेऊन दिलं होतं. मास्तरांनी लिहिलं होतं: 'केंद्र चार वर्षांपूर्वी बंद झाले. त्यानंतर येथील तीन बाया वाटेत गेल्या. त्यांची नावे कळवू काय?'

मावशींनी ते पत्र तळघरातल्या टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याशेजारी बसून काम केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना कळवलं की कळवा.

सदतीस अर्ज झाल्यावर साहेबांनी स्वतः बोलावणं धाडलं. या वेळी टेबल कागदांनी भरलेलं होतं.

"मावशी, किती दिवस चालायचं हे? मुख्यालयातून विचारणा आलीय. सदतीस वेळा नजरचूक करणारी बाई तीस वर्षं नोकरीत राहिलीच कशी, म्हणून."

"मलाही तोच प्रश्न पडलाय."

"उरलेली एकवीस?"

"येतील. दर सोमवारी दोन."

साहेबांनी कपाळ चोळलं. त्यांनी अर्जांचा गठ्ठा चाळून पाहिला. प्रत्येकावर त्यांचीच मंजुरी होती. मग ते थकल्या आवाजात म्हणाले, "त्यापेक्षा जे घडलं तेच एकदा लिहून द्या. सगळ्या गावांचं मिळून. मी वर पाठवतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

"तेव्हा घेतला नव्हतात."

"तेव्हा एकच होता. आता वर कुणाला हे नजरचुकीने झालं म्हणून सांगायला माझीच जीभ वळत नाही."

मावशींनी कोरा कागद मागितला आणि तिथंच बसून लिहिलं. वरिष्ठ टेलिफोनवर होते इथपासून आपण बाहेर येऊन काय म्हणालो इथपर्यंत, आणि आधीच्या सदतीस अर्जांतलं कारण खोटं असून ते रद्द समजावं, हेही. मग गावांची यादी. बंद पडलेली एकोणीस त्यांनी आधी लिहिली, उरलेली नंतर. मास्तरांच्या गावापुढे त्यांनी तीन बायकांची नावं लिहिली, वयांसकट. एक एकोणीस वर्षांची होती.

साहेबांनी अर्ज सावकाश वाचला. यादीपाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ही नावं कशी घेऊ? आमच्या तक्त्यात यांच्यासाठी रकाना नाही."

"मग आखा," मावशी म्हणाल्या, आणि टेबलावरची पट्टी उचलून त्यांच्यापुढे ठेवली.